मामा, या वेळी अस्वल होऊन येऊ नका

तीर्थस्वरूप मामांस,

चष्मेवाल्या भाच्याचा दुरूनच साष्टांग नमस्कार (जवळून घालायची अजून छाती होत नाही). इकडे सर्व ठीक, आईची तब्येत बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दोन पानी असतं आणि मला दुकान उघडायचं आहे. वर्षभराच्या अबोल्यानंतर तुमचं कार्ड आलं. पत्त्यात ‘मा. चष्मेवाले’ आणि मजकुरात एकच ओळ, की कार्निव्हलला येणाऱ्या परगावच्या माणसाने काय काळजी घ्यावी ते कळवावे. सख्ख्या भाच्याला असं लिहायला जिगर लागते. तरी विचारलंच आहे तर सांगतो.

चांगले बूट घालू नका, त्यांवर निम्मं शहर पाय देऊन जातं. सजवलेल्या गाड्या सकाळी दहाला निघणार असं पत्रकात छापतात. दहाला तिथे परगावचे लोकच असतात. दुपारी दीडपर्यंत उभं राहिल्यावर पुढच्या माणसाची टोपी नीट पाहायला मिळते. ओळखीच्या घरची गच्ची गाठावी, असं सगळे सांगतात. आमची गच्ची फारच ओळखीची असल्यामुळे गेल्या साली तिच्यावर एकोणीस माणसं होती आणि त्यांतली सहा कोणाची होती ते अजून कळलेलं नाही. वरून कागदाचे कपटे उधळतात, ते घशात जातात, म्हणून तोंड मिटून ठेवावं (ही सूचना तुम्हाला जड जाईल). आणि मुखवटा घातलेल्याने तिन्ही दिवस तो काढायचा नाही, बोलायचंही नाही, असा इथला जुना नियम आहे. आता तो कोणी पाळत नाही.

म्हणजे गाडी मूळ दुखण्यावर आलीच. गेल्या साली गर्दीत चुकामूक नको म्हणून अस्वलाचा मुखवटा घालून उतरा, असं तुम्हाला मीच लिहिलं होतं. अस्वलच का, तर तुमच्या अंगाला शोभेल म्हणून. पण स्टेशनसमोरच्या मुखवट्यांच्या दुकानाने त्याच सकाळी जाहिरातीसाठी एक माणूस अस्वल करून फलाटावर उभा केला होता. (माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘अचूक नजर’ असं लिहिलेलं आहे, याची आठवण करून देणारे तुम्ही चौदावे असाल.) मी वाकून नमस्कार केला, हातातली पिशवी हिसकावली आणि दंडाला धरून त्याला घरी आणलं. तो निमूट आला. तीन दिवस मुखवटा काढायचा नाही, बोलायचं नाही, राहायची सोय आम्ही करू, असं दुकानदाराने त्याला बजावलं होतं. ती सोय म्हणजे मी, असा त्याचा समज झाला.

अस्वल बोलेना. दुसऱ्या कुठल्या घरात लगेच शंका आली असती, पण आपल्या घराण्यात पाहुणा उंबरा ओलांडतो तोच मुळी रुसून. धाकटी मावशी आठवते ना? घ्यायला कोणी फाटकापर्यंत आलं नाही म्हणून दीड दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे मनधरणी सुरू केली. आमच्या हिने तीन-तीनदा वाढलं. अस्वल मुखवट्याचा जबडा जरासा उचलून खायचं. मी कशाची ते ठाऊक नसताना पाच वेळा माफी मागितली. जेवणानंतर अस्वलाने स्वतःचं ताट स्वतः धुतलं, तेव्हा तर मी हिला म्हणालो की मामा सुधारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुखवटा उतरला आणि आतून बारीक मिशीचा, तिशीतला एक अनोळखी गृहस्थ निघाला. तोवर तुम्ही चार तास फलाटावर बसून, परतीच्या गाडीने घर गाठून आमच्या नावाने खडे फोडत होतात. चूक माझी होती आणि मला तिची लाज वाटते, हे एकदाच लिहितो. पुन्हा लिहायला लावू नका.

तर या वेळी उघड्या चेहऱ्याने या. आलात तर आनंद आहे, नाही आलात तर गच्चीवर एकाची सोय होईल.

आपला (जमेल तितका) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. सकाळची गाडी धरा. मी दोन चष्मे घेऊन फलाटावर उभा असेन.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पण पत्र आईने वाचायला मागितलं म्हणून पुन्हा फोडलं. वाचून ती म्हणाली की तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, हात तुमचे नव्हते. मग गप्प का बसलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तुझे बाबा गेले त्या आठवड्याचं मला कोणाला तरी सांगायचं होतं. दादा आला होता तेव्हा, पण दोन दिवस गुडघ्याचंच बोलला. हा निदान ऐकत होता.” अस्वल घरात असताना पुढच्या दोन्ही दुपारी आतल्या खोलीतून तिचा आवाज येत होता, तो मला आत्ता आठवला. मीही तिला कधी विचारलं नव्हतं, मामा.

तेव्हा बूट कुठलेही घाला, हवं तर रुसून या, पण या. गुडघा तेवढा या खेपेला घरी ठेवा आणि आईजवळ दोन दुपारी बसा. अस्वलालाही तिने बोलावलं आहे. तुम्हाला ऐकणं जमलं नाही, तर तो शेजारीच असेल.