खोडलेली तगर

दि. १९ सप्टेंबर, सकाळ

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीला नोकरी लागल्याचे कळले, आनंद झाला. माझी प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्याचा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही.

लिहिण्यास कारण असे. गॅलरीतील तगरीच्या कुंडीवर गेल्या महिन्यात पाच अळ्या आल्या. दमट हवा आणि भिंतीचा आडोसा त्यांना मानवला असावा. पोपटी रंग, शेपटीशी पिवळसर शिंग, डोक्यामागे दोन निळे डोळे. खोटे, पण रोखून पाहणारे. ओळख पटायला वेळ लागला नाही: कण्हेरीवरचा हिरवा पतंग. त्याची अळी कण्हेरीखेरीज काही खात नाही, असे आपण दोघांनी केलेल्या पुस्तिकेत मीच छापले आहे. अळ्यांनी ती वाचलेली नसावी. चार दिवसांत निम्मी तगर फस्त.

मग त्या तपकिरी झाल्या आणि खाणे सोडून मातीत उतरल्या. तेव्हापासून मला चैन नव्हते.

सात वर्षांपूर्वी तू तगरीवर वाढवलेल्या अळ्या अशाच तपकिरी झाल्या होत्या. तू बाहेरगावी होतास. मी अनुमान काढले: रंग गेला, भूक गेली, अर्थात तगर बाधली. परतल्यावर तुला "मेल्या" म्हणून सांगितले आणि पुस्तिकेच्या मसुद्यातून 'तगर' हा शब्द खोडला.

"अगं ताई, दोन्ही झाडांना तसलाच पांढरा चीक येतो!" तू म्हणालास.

"पुरावा दाखव."

"अळ्यांना वकील मिळाला नाही, दुसरं काय!" असे म्हणून तू जो गेलास, तो गेलासच.

आज उजाडताच कुंडीच्या कडेवर पहिला पतंग बसलेला दिसला. हिरव्या पंखांवर संगमरवरासारखी नक्षी, मधून गुलाबी पट्टे. म्हणजे तो तपकिरी रंग मरणाचा नव्हता. कोशात जाण्याची ती तयारी होती.

आणि तुझ्या अळ्या मेल्याच नव्हत्या. मी त्या मातीसकट बाहेर ओतल्या, तेव्हा वळवळत होत्या. मी ते पाहिले होते. माझ्या निष्कर्षाला ते सोयीचे नव्हते, म्हणून सांगितले नाही.

ही क्षमायाचना आहे. भाषा रुक्ष वाटली तरी तशीच समज. नवल याचे, की हरल्यावर मला बरे वाटते आहे. सकाळपासून दोनदा चहा झाला, दोन्ही वेळा गॅलरीत, पतंगासमोर.

चार कोश अजून मातीत आहेत, आठवड्याभरात फुटतील. ये. पुस्तिकेचे एकोणिसावे पान उघडून ठेवले आहे, शेजारी तुझे शाईचे पेन. शब्द मी खोडला होता; तो तुझ्या अक्षरात परत यावा.

अळ्यांची वकील, सात वर्षे उशिरा उभी राहिलेली,
तुझी ताई