पाच खांदे, एक गदा

मी, जिनपाल बाबगोंडा मगदूम, वय एक्क्याऐंशी, धंदा गुळाची अडत (आता बंद), राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. वय झाले, पण डोके जाग्यावर आहे. कुणाच्या दमदाटीने नव्हे, माझ्या मर्जीने हे लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडले आहे. का, ते पुढे येईलच.

१. राहते घर चिरंजीव ऋषभ यास. बँकेतील शिल्लक कन्या दीपा हिला. आईचे दागिने तिने आधीच नेले, बरे केले.

२. अडतीच्या गुदामामागील मोकळी जागा. इथे आमच्या ‘जयकेसरी’ संघाचे बास्केटबॉलचे मैदान होते. मला हा खेळ कुणी शिकवला नाही. बघून बघून शिकलो आणि पोरांना शिकवला. पोरे सकाळी अडतीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायची, त्याचा पगार घ्यायची आणि दुपार कलली की खेळायची. स्पर्धा जिंकली की बक्षीस सगळ्यांत वाटून. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून सरावही लवकर संपायचा. माझी पत्नी, कै. अक्काताई, पोरांना दम द्यायची, "अंधार पडल्यावर माझ्या चुलीकडं बघायचं न्हाय." एक तीळ सात जणांत खाणारी पोरे होती ती.

३. चांदीची गदा. आम्ही सांगलीचा करंडक आणला तेव्हा पेठेच्या तालमीचे वस्ताद गणपतराव यांनी ती प्रेमाने दिली. कोल्हापुरात मोठा मान करायचा तर गदाच, दुसरे काही कुणाला सुचत नाही. पण गदा एका पैलवानाच्या खांद्यासाठी असते, आणि मैदानात आमचे पाच. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर ती कुणी घ्यायची यावरून उदयसिंह आणि हंबीरराव यांची जुंपली. उदयसिंह म्हणाला, कप्तान मी. हंबीर म्हणाला, "कप्तान असशील, पण बास्केट कुणी टाकल्यात?" हलगी वाजत राहिली, ट्रॅक्टर जागचा हलेना. शेवटी गदा गुलालाच्या पोत्यावर ठेवून मिरवणूक काढली.

पुढच्या हंगामात हंबीरने दुसरा संघ काढला. अर्धी भाकरी इकडे, अर्धी तिकडे, पोट कुणाचेच भरले नाही. दोन्ही संघ हरत गेले. चांगली पोरे साखर कारखान्यांत नोकरीला लागली, उरलेली फुटबॉलकडे वळली.

४. आधीच्या मृत्युपत्रात लिहिले होते की, उदयसिंह आणि हंबीर यांनी माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन एका कागदावर सह्या केल्या तर जागा संघाला द्यावी. दोघांना निरोप धाडले. दोघांचे उत्तर एकच: माझी सही पहिली असेल तर येतो. नातवंडे मांडीवर आली तरी हे असे. गेल्या पावसाळ्यात हंबीर गेला. पंचगंगेवर उदयसिंह लांब पिंपळाखाली उभा राहिला, चितेजवळ आला नाही. घरी येऊन मी तो कागद फाडला.

सबब सदर जागा ऋषभ यास, बिनशर्त. त्याने विकावी, नाहीतर गाळे बांधावेत. खांब गंजले आहेत, भंगारात घालावेत. संघाच्या नावाने कुणी वर्गणीला आल्यास चहा पाजून परत पाठवावे. तो संघ आता नाही.

५. गदा हंबीरची मुलगी मोना हिला. तिने मोडून पैंजण केले तरी माझी ना नाही. मला ती घरात बघवत नाही.

६. गणपतरावांवर माझा राग होता. दर पर्युषणात जगाला उत्तम क्षमा म्हणत आलो, त्यांना तेवढे म्हणायचे राहिले. तो राग इथे सोडला.

साक्षीसाठी वकिलांनी तीन ओळी आखल्या आहेत. उदयसिंहला बोलावले, तो आला. त्याने सगळे वाचले, गदेच्या कलमापाशी थांबला. पेन पहिल्या ओळीवर टेकवले, उचलले आणि दुसऱ्या ओळीवर सही केली. मी म्हटले, अरे, वरची मोकळी राहिली. तो म्हणाला, "ती हंबीरची की, आप्पा." वकील म्हणाले, दोन साक्षीदार पुरे होतात, राहू दे. एवढे सर्वांसमक्ष लिहून मी सही करतो.

कोल्हापूर, दि. १४ फेब्रुवारी २०२५
जिनपाल बाबगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. ____________
२. उदयसिंह घोरपडे
३. डॉ. पृथ्वीराज सरनोबत