अगस्ती दामाजी कोण?

॥ श्री ॥
डोंबिवली, ता. ९ डिसेंबर १९४८

चि. महिपत यास सहदेवदादाचे अ. उ. आशीर्वाद.

शाळा सुरू आहे, कौलं मात्र अर्धीच उरलीत. वादळात बांध फुटून ज्यांच्या शेतात खाडीचं पाणी शिरलं, त्यांच्या सरकारी मदतीची यादी चावडीवर डकवली आहे. कुणीही वाचावी, हरकत असेल तर सोळा तारखेला मामलेदारांसमोर सांगावी, असा हुकूम आहे. मीच ती गावाला तीनदा वाचून दाखवली.

त्यात तुझ्या बहिणीचं घर नाही. आवडीच्या शेताच्या नंबरापुढे कुणी 'अगस्ती दामाजी' आहे. दामाजी तिचा मेलेला सासरा, आणि त्याला परशुराम हा एकच मुलगा. तलाठ्याने मदत गिळायला खोटा माणूस उभा केला, असं गाव म्हणतं. आवडी गप्प आहे. पावसाआधी बांध घातला नाही तर शेत कायमचं खारट होईल, आणि ते एका घराच्या हातचं काम नाही. तू कचेरीत आहेस, बघ जरा.

सौ. शालूस आशीर्वाद. लोभ आहे तो ओहोटीला लागू देऊ नये.

सहदेव

॥ श्री ॥
ठाणे, ता. १२ डिसेंबर १९४८

ती. सहदेवदादांस महिपतचा सा. न. वि. वि.

यादी माझ्याच हातची आहे. तलाठ्याच्या कच्च्या कागदावर 'अगस्ती'पुढे प्रश्नचिन्ह होतं. प्रत नेटकी दिसावी म्हणून मी ते गाळलं. सख्ख्या बहिणीचं शेत ओळखलं नाही, याची फार लाज वाटते.

नाव दुरुस्त करतो, असं हेडक्लार्कना म्हटलं. ते म्हणाले की चावडीवर लागलेली यादी आता गावाची झाली. भावानेच इथे बसून बहिणीच्या घरचं नाव घातलं तर उद्या त्या यादीवर कोण विश्वास ठेवील? पंचनाम्यात ज्याने नाव सांगितलं, त्यानेच ते सर्वांदेखत दुरुस्त करावं. मला राग आला, पण त्यांचं चुकलं नाही.

भावोजी तेव्हा भाईंदरला मिठागरावर होते, म्हणजे सांगणारी आवडीच. ती काय बोलली ते विचारा. रागवा, पण लोभ ठेवा.

आपला,
महिपत

॥ श्री ॥
डोंबिवली, ता. १७ डिसेंबर १९४८

चि. महिपत यास अ. उ. आशीर्वाद.

विचारलं. बाई नवऱ्याचं नाव घेणार कशी? तिने तलाठ्याला कोडं घातलं, की ज्या देवाने समुद्र मागे हटवला त्याचंच नाव. तलाठी पडला देशावरचा. त्याला समुद्र पिऊन टाकणारा अगस्ती तेवढा ठाऊक. चोर ठरलेला तो गरीब माणूस काल चावडीत सारखा घाम पुसत होता.

परशुराम मिठागरावरून आला होता. तो उठला, तर मामलेदारांनी त्याला बसवलं. पंचनाम्यात नाव बाईंनी दिलंय, बाईंनीच सांगावं. मी उखाणा सुचवला. ते म्हणाले की सरकारी कागदात उखाणा बसत नाही. आवडी उठून पुढे आली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग तिने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि अख्खं नाव घेतलं, परशुराम दामाजी, असं की वडाखालच्या माणसांनाही ऐकू जावं. कुणी हसलं नाही. मामलेदारांनी जागेवरच दुरुस्ती केली. बांधाचं काम पौषात धरू.

परतताना मी त्यांच्या मागेच होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आपलं नाव तिच्या तोंडून असं आजच ऐकलं, असं परशुराम तिला म्हणाला, आणि अजून एकदा घे म्हणून गळ घालू लागला. ती म्हणाली की आता सरकार थोडंच विचारतंय.

सहदेव