पत्र्याचे विमान व तुमचे मस्तक

प्रिय धाकटे मेहुणे यांस भाऊजींचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची सूज उतरल्याचे तुमच्या ताईकडून समजले; समाधान वाटले. येथे सर्वांची प्रकृती ठीक असून माझा रक्तदाब डॉक्टरांना आवडेल असा आहे. आपण दोघे सध्या बोलत नाही, हे मला स्मरते. तथापि पत्र लिहिणे म्हणजे बोलणे नव्हे (हा मुद्दा तुमच्या ताईनेही मान्य केला आहे), सबब लिहीत आहे.

तुम्ही माझे रिमोटवर उडणारे कापडी विमान मैदानाकाठच्या पाण्याच्या टाकीवर उतरवलेत, त्या प्रसंगाचा उल्लेख मी या पत्रात करणार नाही. "यापुढे माझ्या विमानाला हात लावायचा नाही," असे मी त्या वेळी चारचौघांत म्हणालो, तेही उगाळत नाही. कळवायचे ते एवढेच की, नवे विमान तयार असून येत्या रविवारी ते उडणार आहे. जुन्या घाटाचे, दोन इंजिनांचे प्रवासी विमान. पंखांची लांबी नऊ फूट. आणि अंगावर कापड नाही, कागद नाही, नखशिखान्त ॲल्युमिनियमचा पत्रा. मी उभा जन्म मोटारींचे पोचे काढले. पत्रा माझ्याशी उलट बोलत नाही. (शिक्षण चौथीपर्यंतच झाले, परंतु ती चौथी पक्की आहे.)

सांगाडा सूनबाईने माझ्या सांगण्यावरून संगणकावर काढला व तिच्या कार्यालयातील लेझरच्या यंत्रावर प्लायवूडमध्ये कापून आणला. बारीकसारीक भाग घरच्या थ्रीडी प्रिंटरवर झाले. हे यंत्र वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर घालीत वस्तू उभी करते. आरंभी मी त्याच्याकडे संशयाने पाहत असे. पण ते चहाला उठत नाही, उचल मागत नाही आणि मालकाला शहाणपण शिकवीत नाही, हे ध्यानात आल्यावर मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. असा कारागीर मला गॅरेजात कधी लाभला नाही.

पत्रा छापखान्यातून आणला. छपाई झाल्यावर टाकून देतात त्या पातळ प्लेटा. नरम करण्यासाठी त्यावर साबण चोळून गॅसच्या आचेवर धरावे लागते. साबण काळा पडला की पत्रा हवा तसा वळतो. या कामी तुमच्या ताईचा तोंड धुण्याचा साबण उत्तम ठरला. (तिचे म्हणणे निराळे आहे.) पुढे तो चिकटवायचा गोंद. हा दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचा आणि मग टेकवायचे. एकदा टेकले की विषय संपला. एके सकाळी गोंद लागलेल्या सदऱ्यानिशी मी स्वतःच डाव्या पंखाला टेकलो. नेमके तेव्हाच विजेचे मीटर पाहणारे गृहस्थ आले. दार मीच उघडले, पंखासह. त्यांनी मीटर पाहिले, मला पाहिले, "चालू द्या, आजोबा," म्हणाले व गेले. तुमच्या ताईने कात्रीने मला मोकळे केले. "इतकं घट्ट कधी घराला चिकटला असतात तर," एवढेच ती म्हणाली. सदऱ्याचा खिसा पत्र्याखाली आहे. आत रुमालही आहे.

आता वैमानिकाविषयी. पुढची काच रिकामी बरी दिसेना, म्हणून सूनबाईला एक वैमानिक छापावयास सांगितले. तिला चेहरा सर्व बाजूंनी लागतो. आणि तिच्या लग्नाच्या फोटोंत समोरून, डावीकडून, उजवीकडून व पाठीमागून असे संपूर्ण सापडलेले गृहस्थ एकच, ते म्हणजे तुम्ही. (चार फोटोंत तुम्ही नाही. खुद्द वधूही तितक्याच फोटोंत नाही.) मला कळेपर्यंत तुम्ही छापून झाला होतात.

पुढे अडचण अशी आली की पत्र्यामुळे शेपूट जड झाले. नाकात वजन घालणे भाग होते, आणि तेथे जागा एकच, तुमचे मस्तक. ते आतून पूर्ण पोकळ निघाले. (सगळ्याच वस्तू तशा छापतात, असे सूनबाई म्हणाली.) त्यात शिशाचे छर्रे भरताच विमान सूतभरही न झुकता सरळ राहिले. हे मी मनात काही ठेवून लिहीत नाही. तोलाची बाब आहे.

मैदानावर एक निवृत्त बँक मॅनेजर येतात. ते सर्वांसमक्ष म्हणाले, "पत्र्याचं विमान उडत नसतं हो, फार तर वाजतं." मी म्हणालो, "रविवारी या. मी उडवून दाखवतो." तेव्हापासून सारी मंडळी रविवारची वाट पाहत आहेत. मला कोणाच्याही साहाय्याची आवश्यकता नाही, हे तुम्हांस ठाऊक असावे, यासाठीच हा पत्रप्रपंच.

तुमच्या ताईचे यजमान

ता. क. रिमोटची दांडी पेरूच्या देठाएवढी आहे. माझ्या हातात हल्ली कपबशी वाजते. तुमची ताई म्हणते, थंडीमुळे. थंडी जाऊन बरेच दिवस झाले. तरी रविवारी सकाळी मैदानावर यावे व दांडी तुम्ही धरावी. मी शेजारी उभा राहीन. त्या दिवशी मी जे बोललो, ते कापडी विमानापुरते होते.

ता. क. दुसरा. सदऱ्याच्या गडबडीत डाव्या पंखाखालचा एक पत्रा छापील बाजू बाहेर ठेवून बसला. त्यावर ठळक अक्षरांत 'नापासांसाठी खास वर्ग, प्रवेश सुरू' असे आहे. विमान जमिनीवर असता ते कोणास दिसत नाही. सबब, ते शक्य तितके उंच न्यावे.

ता. क. शेवटचा. पाण्याची टाकी होती तेथेच आहे. या खेपेस सर्वांत पुढे तुमचेच डोके आहे, एवढे ध्यानात ठेवून विमान चालवावे.