शरीराबरोबर वाकणारी तार

प्रिय अप्पा,

आजही नमुना सुटला. प्रयोगशाळेतल्या मिठाच्या पाण्यातून बाहेर काढला, तर धातूवर बसवलेला आमचा मऊ पॉलिमर सालीसारखा निघून चिमट्याला लटकत होता. कुणाशी बोलावंसं वाटेना. तुमच्याशी मात्र भांडावंसं वाटलं, म्हणून लिहितेय.

पेसमेकर बसवून श्रीवर्धनला घरी आलात तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, हात वर करून जोराचं काम करू नका. आणि तुम्ही? आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस पुढच्याच उन्हाळ्यात आकडीची लांब काठी घेऊन वाडीतल्या कोकमाचे रातांबे काढत होता! मी रागावले, तर म्हणालात की यंत्र छातीत आहे, हातात थोडंच आहे.

पण अप्पा, यंत्रातून हृदयापर्यंत जाणारी तार? शरीर मऊ आणि ती धातूची. हात हलला की गळ्याच्या हाडाखाली ती वाकायची. वाकून वाकून तिसऱ्या वर्षी आतल्या आत तुटली. तुम्हाला घेरी येऊ लागली आणि तुम्ही चार दिवस कुणाला बोलला नाहीत. का? शेवटी आईनं दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. माणगाव यायच्या आधीच तुम्ही तिच्या खांद्यावर मान टाकलीत.

तेव्हा मी याच कामात होते, हे जास्त सलतं. दर रविवारी फोनवर विचारायचात, "नंदा, तुझी मऊ तार कुठवर आली?" एकदा मी वैतागले. "अप्पा, सारखं विचारल्यानं लवकर होणार आहे का ती?" त्यानंतर तुम्ही कधीच विचारलं नाहीत.

विचारायला हवं होतंत. मी सांगितलं असतं की पॉलिमर मऊ असतो तोवर वीज नेत नाही, आणि वीज न्यायला लावला की पापडासारखा मोडतो. दोन्ही जमवायला आम्हाला वर्षं लागली. आता तो ताणला जातो, वीजही नेतो, पण शरीरासारख्या खारट, कोमट पाण्यात काही आठवडे राहिला की फुगतो आणि धातूला सोडतो.

आज सर म्हणाले, पहिल्या आठवड्याचे आकडे उत्तम आहेत, तेवढ्यांवर शोधनिबंध लिही, सुटण्याचं पुढे बघू. मी म्हटलं, "सर, माणूस ही तार एका आठवड्यासाठी बसवून घेणार नाही." त्यांनी आकड्यांचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, तसं असेल तर यंदा तुझं काही छापून येणार नाही. नाही येणार. बरोबर वागले ना मी? मग इतकी चीड का येतेय?

दुपारी आईचा फोन आला. आमसुलं घालायचीत, पण वाडीत पाऊल टाकवत नाही म्हणाली. मग पहिल्यांदाच बोलली, "रातांबे काढायला मीच पाठवायचे गं त्यांना."

इतकी वर्षं ती हे मनात धरून होती, अप्पा, आणि मला सगळं ठाऊक असून मी तिला कधी समजावलं नाही. केस विंचरताना, शर्ट घालतानाही ती तार वाकतच होती. साधं जगणं त्या तारेला पेललं नाही. मीही तुमच्यावर उगाच चिडत राहिले.

शनिवारी घरी जातेय. आईजवळ बसून कागदावर तार काढून दाखवीन. तिनं तुम्हाला कुठंच पाठवलं नसतं तरी तार तुटू शकत होती, हे तिला पटेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
नंदा