‘जाळ’ या शब्दापायी झालेल्या निलंबनाबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण कार्यालय.

विषय : दहावीच्या विद्यार्थिनीचे निलंबन गुरुवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी रद्द करणेबाबत.
संदर्भ : शाळेच्या शिस्त समितीचा अहवाल (पाने नऊ, अर्थ लागल्यास कळवावे).

महोदय,

मी या शाळेत एकवीस वर्षे प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणे हे माझे काम. शब्दांचे अर्थ सांगणे नव्हे. परंतु ज्यांचे ते काम आहे त्यांनी ते सोडून दिल्याने हा अर्ज करणे भाग पडले.

१. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सदर मुलीने मैत्रिणीला मोबाइलवर लिहिले, “उद्या लॅबमध्ये जाळ काढायचा.” मुलांच्या बोलीत याचा अर्थ, बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घालावीत असे काम करणे. तिचा प्रयोग लिंबांवर चालणाऱ्या घड्याळाचा होता. त्यात काडीपेटीसुद्धा नव्हती.

२. समितीने यातून जाळपोळीचा कट शोधून काढला. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक व भाषेचे शिक्षक हे तिघेही पदवीधर आहेत, हे खेदाने नमूद करतो. मैत्रिणीने उत्तरादाखल “मेले!” असे लिहिले होते, त्याचीही चौकशी झाली. मी हजेरीपट दाखवला. मैत्रीण हजर होती.

३. मी अर्थ सांगताच भाषेच्या शिक्षकांनी शब्दकोश उघडला, “यात तसं नाही” म्हणाले आणि मिटला. हेच गृहस्थ “पोरांनी डोकं खाल्लं” असे रोज म्हणतात. ते डोके कोणी तपासले नाही. तपासले असते तर खाण्याजोगे काही सापडले असते, याची मला खात्री नाही.

४. मुलीला माफीनामा लिहायला बसवले. पहिला फाडला, कारण त्यात “माझं तसं म्हणणं नव्हतं” असे होते. दुसरा पर्यवेक्षकांनी सांगितला, तिने उतरवला. “सदर विद्यार्थिनीचा आग लावण्याचा हेतू होता,” असे तिने स्वतःच्या अक्षरात स्वतःबद्दल लिहिले. त्याच कागदावर निलंबन झाले. काल ती ॲप्रन परत द्यायला आली. एरवी जिचे तोंड मिटत नसे ती “आपली आभारी आहे” एवढेच म्हणाली. पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे ऐकून मला लाज वाटली. समितीला वाटण्याचा संभव नाही.

५. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी तिची उपकरणे खिडकीजवळच्या टेबलावर मांडणार आहे. आपला आदेश आला तर उत्तम. न आला तरी दार मी उघडणार आहे. मग कोणाला निलंबित करावेसे वाटलेच तर मला करावे. माफीनामा सांगण्याची तसदी पर्यवेक्षकांनी घेऊ नये. माझा हेतू होता, हे मी येथेच, माझ्या शब्दांत, लिहून देत आहे.

अद्याप आपला नम्र,
(सही)
प्रयोगशाळा सहायक
दि. ११ फेब्रुवारी

सोबत : १) माफीनाम्याची छायाप्रत. २) हजेरीपटाचे पान.