बाबाचो वांटो

प्रिय मितेश,

चारचौघांत ‘अहो’ म्हणते, पण पत्रात तूच बरा. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर अनुजाचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. आमच्या तोंडवलीत माडाखाली बसूनही व्हिडिओ कॉल चालतो आणि कांडल्याच्या एवढ्या मोठ्या बंदरात रेंज नाही, हे मी किती दिवस खरं मानू? कागदाला रेंज लागत नाही, म्हणून लिहितेय.

घरी सगळं ठीक आहे. काजूला मोहोर चांगला आलाय. आईंचा गुडघा तसाच आणि तोंडही तसंच. पुण्याच्या रश्मीताई अजून आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर अनुजाला बोलायला शिकवतात. सुरुवातीला काय व्हायचं ते तू पाहिलंच आहेस. चार वर्षांची पोर, पडद्यावर गाय दाखवली की तोंड फिरवायची. आई म्हणायच्या, “फोनातली बाय काय शिकयतली गो पोराक?” त्यात तुझ्या सुट्टीतला तो दिवस. ‘बाबा म्हण, बाबा म्हण’ करता करता तू ओरडलास आणि ती पलंगाखाली शिरली. तू ठरल्यापेक्षा तीन दिवस आधीच निघालास. तेव्हा मला तुझा फार राग आला होता, खोटं कशाला सांगू?

तू गेल्यावर एकदा वर्ग चालू असताना आई मागे शिरवाळ्यांसाठी तांदळाची उकड मळत होत्या. अनुजा उठून थेट परातीपाशी. मी तिला ओढून आणणार, तर रश्मीताई म्हणाल्या, “तिला आणू नका, मला तिकडे न्या.” मग फोन परातीजवळ तांब्याला टेकवून ठेवला. त्या दिवसापासून चित्रं बंद झाली. कधी उकड, कधी करवंटीतलं पाणी, कधी ओली वाळू. हात गुंतले की तिचा चेहरा सैल पडतो, हे मला आई असून कळलं नव्हतं. आमची चूकही ताईंनीच दाखवली. पोरीनं तांब्याकडे नुसतं बघितलं की आई पाणी घेऊन हजर. लाडानं आम्ही तिला बोलायची गरजच ठेवली नव्हती. म्हणून नवा नियम झाला. वस्तू हातात धरायची, तिच्याकडे बघायचं आणि मनात दहा मोजायचे. आईंना दहापर्यंत गप्प बसवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको! पण त्या बसल्या. तेराव्या दिवशी करवंटीसाठी ‘दे’ आलं.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. आई शेजारच्या काशीबाईंबरोबर खाडीतून तिसऱ्यांचे शिंपले घेऊन आल्या आणि वर्गातच वाटे घालायचा खेळ मांडला. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, माणूस घरी असो नसो, त्याचा वाटा निघतो. आई एकेक ढीग घालत म्हणाल्या, “ह्यो काशीबायचो वांटो, ह्यो आयेचो, ह्यो आजयेचो.” ताईंनी बोटानं खूण केली आणि आई थांबल्या. अनुजाच्या ओंजळीत चार तिसऱ्या उरल्या होत्या. आम्ही थांबलो. दहा झाले, वीस झाले. तिनं त्या चार हळूच वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाली, “बाबा.” कुणी सांगितलं नव्हतं, मितेश. आई तिसऱ्यांचेच हात डोळ्यांना लावून रडल्या आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून पुन्हा रडल्या.

तुझ्या त्या चार आईंनी शिजवल्या आणि शिंपले धुऊन तिनं खिडकीत मांडलेत. कुणाला हात लावू देत नाही. तुझ्याबरोबर बंदरावर असलेले लवूभावजी फोनवर सांगत होते, तू शिमग्याची सुट्टी रद्द करून तिथलं काम सहा महिने वाढवून मागितलंस. कामासाठी नाही, हे त्यांना कळलं नसेल, पण मला कळतं. ती पुन्हा तोंड फिरवेल याची तुला भीती वाटते. फिरवेलही. म्हणून हे पत्र. त्या चारांतला एक शिंपला तिनं स्वतः पाकिटात टाकलाय. सुट्टी रद्द करू नकोस. शिमग्याला तो परत घेऊन ये, तिच्यासमोर जमिनीवर बस, शिंपला तळहातावर धर आणि काही बोलू नकोस. मनात दहा मोज. दहानंतर जमलं नाही, तर पुढचे मी तुझ्याबरोबर मोजेन.

तुझीच,
स्वप्ना